परत न आलेल्यांची नावं : बेने इस्रायल शिपायांच्या शोधात

माझा विषय बॉम्बे आर्मीतले बेने इस्रायल शिपाई, असं सांगितलं की समोरचा माणूस साधारण दोनपैकी एक प्रश्न विचारतो. पहिला, बेने इस्रायल म्हणजे कोण? दुसरा, म्हणजे १९७१ च्या युद्धातले ते जनरल जेकब त्यातलेच का? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. नाही. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले. पहिल्याचं उत्तर जरा पुढे देते.

पण मागे ठाण्यात एका आजींनी मला तिसराच प्रश्न विचारला. त्यांच्या घरातली माणसं कित्येक पिढ्या पलटणीत होती. चहा झाला, जुने फोटो बघून झाले, आणि मी नेहमीप्रमाणे सुभेदार-मेजर, किताब, मेडलं असं काय काय उत्साहाने सांगत सुटले होते. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे सगळं परत आलेल्यांचं झालं गं. जे आलेच नाहीत त्यांची नावं आहेत का तुझ्याकडे?"

नव्हती. म्हणजे अधिकाऱ्यांची होती, शिपायांची जवळजवळ नव्हती. आणि माझ्या लक्षात आलं की वह्या भरल्या तरी हा प्रश्न मी स्वतःला कधी सरळ विचारलाच नव्हता. आजचा लेख त्याबद्दल आहे. एका छोट्या समाजाचे युद्धात मेलेले लोक शोधायला निघालं तर ते कुठे सापडतात, आणि जिथे सापडायला हवेत तिथे का सापडत नाहीत?

आजींना नावं कशाला हवी होती तेही सांगते. बेने इस्रायलांच्या मशिदीत मृतासाठी हशकाबा म्हणतात. (हो, मशीद. सिनेगॉगला मराठीत ते पूर्वापार मशीदच म्हणत आले. मुंबईत जुनी मशीद आणि नवी मशीद म्हटलं की जुन्या माणसांना ती दोन सिनेगॉग कळतात.) तर या हशकाब्यात मेलेल्याचं नाव घेतात, अमक्याचा मुलगा अमका असं. 'आमच्यातले कुणी एक शिपाई' असं म्हणून ती प्रार्थना होत नाही. म्हणजे जे काम मला अभिलेखागारातलं वाटत होतं, ते त्यांच्या दृष्टीने एक राहून गेलेलं घरचं कार्य होतं.

आता पहिला प्रश्न. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पुढे ही माणसं कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखली गेली. आडनावं गावांवरून पडली : दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही कुटुंबं मुंबईला यायला लागली, आणि मुंबईत त्या वेळी धडधाकट तरुणाला नियमित पगार देणारा मोठा मालक एकच होता. ईस्ट इंडिया कंपनीची फौज.

या फौजेतला सगळ्यात प्रसिद्ध बेने इस्रायल म्हणजे सॅम्युअल एझिकेल दिवेकर. पलटणीतलं आणि घरातलं नाव समाजी हसाजी दिवेकर. नेटिव्ह कमांडंट होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. समाजात सांगितली जाणारी गोष्ट अशी की कैद्यांना मारायची वेळ आली तेव्हा यांना जात विचारली गेली. त्यांनी बेने इस्रायल असं सांगितलं. तेव्हा टिपूची आई म्हणाली, या लोकांचं नाव मी कुराणात वाचलंय, प्रत्यक्ष माणूस कधी पाहिला नाही, याला मारू नका. समाजी सुटले, मुंबईला आले आणि नवस फेडल्यासारखी त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतली पहिली मशीद बांधली. मांडवीतला सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्या नावाचा. रेल्वेच्या मस्जिद स्टेशनाचं नावही या मशिदीवरूनच पडलं असं बरेच लोक सांगतात.

ही गोष्ट मी डझनभर घरांत ऐकली आहे, आणि दर वेळी तितक्याच आनंदाने. पण आजींच्या प्रश्नानंतर ती मला वेगळी ऐकू यायला लागली. ही वाचलेल्याची गोष्ट आहे. वाचलेल्या माणसाने मशीद बांधली, रस्त्याला त्याचं नाव लागलं. त्याच युद्धात जे मेले त्यांची गोष्ट सांगायला कुणी परत आलंच नाही.

बरं, समाजाने स्वतः काही लिहून ठेवलं नाही का? ठेवलं. हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. माझ्यासारखीचं पान या पुस्तकाशिवाय हलत नाही. त्यात पलटणीतल्या बेने इस्रायलांबद्दल भरपूर माहिती आहे, कोण कुठल्या पलटणीत होता, कुणाला काय किताब मिळाला. पण ती मुख्यतः हुद्देदारांची माहिती आहे. यात किहीमकरांना दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यांच्या समाजाची सरकारदरबारी काही पत राहावी म्हणून ते लिहीत होते, आणि पत सरदार बहादूरने वाढते, नवव्या कंपनीतल्या शिपायाच्या मरणाने नाही.

मग उरतात सरकारची स्मारकं. दक्षिण मुंबईत राहत असाल तर एकदा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आत जाऊन या. बाहेरून सगळेच बघतात. हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या आठवणीसाठी बांधलं, १८५८ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. आत भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. आणि एक लेख आहे, त्याचा आशय असा की हे चर्च वर नावं कोरलेल्या अधिकाऱ्यांच्या स्मरणार्थ आहे, आणि त्या हवालदार-शिपायांच्याही स्मरणार्थ, ज्यांची संख्या इतकी मोठी आहे की नावं लिहिता येत नाहीत.

हे वाक्य मी उभ्याने तीन वेळा वाचलं. संख्या मोठी आहे म्हणून नावं नाहीत! लिहिणाऱ्याच्या मनात कमीपणा दाखवायचा हेतू नसेलही, त्या काळी जगभर अशीच रीत होती. इंग्लंडमध्येसुद्धा साध्या गोऱ्या सोल्जरचं नाव तेव्हा कुणी दगडावर कोरत नव्हतं. पण परिणाम काय झाला बघा. बॉम्बे आर्मीत बेने इस्रायल जे लढले ते बहुतेक शिपाई, नाईक, हवालदार म्हणून. म्हणजे ते सगळे या 'लिहिता येत नाहीत'मध्ये गेले.

म्हणूनच कोरेगाव भीमाचा स्तंभ ही विलक्षण वस्तू आहे. त्याबद्दल आपल्याकडे खूप बोललं जातं, आणि योग्य कारणांसाठी बोललं जातं. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनची साधारण आठशेची तुकडी शिरूरहून रात्रभर चालून भीमेकाठी पोचली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेसमोर दिवसभर टिकली. कंपनीकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ च्या आसपास. १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज दर वर्षी लाखो लोक जातात. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. त्या स्तंभावर साध्या शिपायांची नावं आहेत. अफगाण चर्चच्या कितीतरी आधी, ज्या काळात शिपायाचं नाव कोरायची रीतच नव्हती त्या काळात, इथे ४९ नावं कोरली गेली. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, आणि 'नाक' महारांच्याच नावात लागत असे. ही नावं कोरली नसती तर शंभर वर्षांनी तिथे जाऊन 'हे आमचे' असं कोण आणि कसं म्हणू शकलं असतं?

आता माझा भाग. उरलेल्या २७ नावांचं काय? अभ्यासकांनी जी विभागणी केली आहे तिच्यात २२ महार, १६ मराठा, ८ रजपूत, २ मुसलमान, आणि 'एक किंवा दोन' भारतीय ज्यू.

एक किंवा दोन. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मेलेला माणूस एक तरी असेल नाही तर दोन तरी, एक किंवा दोन कसा असेल? मग कागद घेऊन बेरीज केली. २२, १६, ८ आणि २, झाले ४८. एक ज्यू धरला तर ४९, बरोबर जमतं. दोन धरले तर ५०, एक माणूस जास्त होतो. म्हणजे दगडावर कुठेतरी एक नाव असं असणार की जे ज्यू म्हणूनही मोजता येतं आणि दुसऱ्या एखाद्या रकान्यातही बसतं. हा माझा तर्क आहे, पण बेने इस्रायलांची त्या काळची नावं माहीत असतील तर तुम्हालाही तो पटेल.

हिब्रू नावाला मराठी 'जी' लावायचा आणि मधलं थोडं घासून गुळगुळीत करायचं, अशी ती पद्धत. सॅम्युअलचा समाजी. एझिकेलचा हसाजी. आयझॅकचा इसाजी. मोझेसचा मुसाजी. अब्राहमचा आबाजी. आता समजा, तुम्ही १८१८ मधले इंग्रज कारकून आहात आणि समोर पलटणीचा मराठी बोलणारा हवालदार भराभर नावं सांगतोय. तुम्ही 'इसाजी' लिहिणार. दोनशे वर्षांनी माझ्यासारखी कुणी ते वाचणार आणि विचारात पडणार : हा इसाजी की येसाजी? येसाजी म्हटलं की मराठी माणसाला येसाजी कंक आठवतो. मुसाजी म्हटलं तर बोहऱ्यांत मुसाजी आहेतच. आणि आबाजी? आबाजी तर कुणीही असू शकतो. 'नाक' जसं एका समाजाकडे बोट दाखवतं तसं 'जी' कुणाकडेच दाखवत नाही. त्यात शिपायाचं आडनाव सहसा लिहीत नसत, नुसतं नाव आणि फार तर बापाचं नाव. दिवेकर, किहीमकर असं काही लिहिलं असतं तरी प्रश्न सुटला नसता म्हणा, कारण गावावरून आडनाव घेणारे काय ज्यू एकटेच होते?

इथे कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? इतके मिसळून गेले होते हे चांगलंच नाही का? अगदी चांगलं. बॉम्बे आर्मीची ती खासियतच होती. बंगालच्या फौजेत जातीची सोवळी-ओवळी सांभाळली जायची, पण मुंबईच्या पलटणीत एकाच कंपनीत मराठा, महार, मुसलमान, ज्यू शेजारी शेजारी उभे राहत. बेने इस्रायलांसारख्या मूठभर समाजाला फौजेत जागा मिळाली ती या मिसळीमुळे. पुढे त्यांचं नुकसान झालं तेही ही मिसळ मोडल्यामुळेच. १८५७ नंतर सरकारचं धोरण हळूहळू बदललं, 'लढाऊ जाती' कुठल्या आणि बिनलढाऊ कुठल्या याची शास्त्रं रचली गेली, आणि १८९० च्या दशकात बॉम्बे आर्मीतही जातवार कंपन्या आल्या. मराठ्यांची कंपनी, रजपुतांची कंपनी. महारांची भरती याच सुमारास बंद झाली हे आपल्याला माहीत आहे. बेने इस्रायलांना वेगळं बंद करायची गरजच पडली नाही. इतक्या थोड्या लोकांची कंपनी कुठून उभी करणार? ज्याची कंपनी नाही त्याला बढतीही नाही. मग मुलं रेल्वेत गेली, पोस्टात गेली, कचेऱ्यांत कारकून झाली, फौजेत गेलीच तर दवाखान्याच्या बाजूला. जातवार कंपनीचा आणखी एक परिणाम असा की पुढे पलटणीचे इतिहास, स्मारकं, पोवाडे सगळं त्या त्या जातीच्या नावाने झालं. ज्यांची कंपनी होती त्यांची आठवण पलटणीने सांभाळली. बाकीच्यांची कुणी सांभाळायची?

आता उडी मारून पहिल्या महायुद्धाकडे येऊ, कारण आजींच्या घरातला जो माणूस परत आला नाही तो 'बसऱ्याच्या लढाईत' गेला अशी त्यांच्याकडे आठवण आहे. मराठी घरांत मेसोपोटेमियाला बसराच म्हणतात. मुंबई इलाख्यातली पुष्कळ भरती तिकडेच गेली. सहावी पुणे डिव्हिजन तिकडे होती, कूटच्या वेढ्यात ११०, १०३ आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनंतर कैदेत गेल्या. बेने इस्रायल या युद्धातही होते, कुणी शिपाई, कुणी सब-असिस्टंट सर्जन, कुणी कारकून.

आणि या वेळी परिस्थिती बदलायला हवी होती. कारण १९१७ मध्ये इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं आणि त्याने एक नवं तत्त्व घालून दिलं : मेलेल्या प्रत्येकाची नावानिशी नोंद होईल, हुद्दा, वंश, धर्म यावरून भेद नाही. अफगाण चर्चच्या बरोबर उलट. फ्रान्समध्ये त्यांनी ते पाळलं. न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर भारतीय शिपायांची साडेचार हजारांहून जास्त नावं आहेत, साध्या शिपायांचीसुद्धा. ज्यू सैनिकाच्या थडग्यावर क्रूसाऐवजी सहा टोकांचा तारा कोरला.

पण बसऱ्याच्या स्मारकावर काय केलं? ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांचं ते स्मारक. गोऱ्यांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत. भारतीय शिपायांचे आकडे आहेत. अमुक पलटण, इतके शिपाई. बस्स. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने अहवाल देऊन हे मान्य केलं आणि माफी मागितली. त्या अहवालाप्रमाणे पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांची आठवण असमान पद्धतीने ठेवली गेली, आणि आणखी किमान १,१६,००० लोकांची नावाने नोंदच झाली नाही, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची. हे बहुतेक भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन. पैसे वाचवणं हे एक कारण होतं, आणि 'या लोकांना थडग्याचं, नावाचं महत्त्व नसतं' ही समजूत हे दुसरं. हशकाब्याबद्दल वर लिहिलं ते आठवत असेल तर ही समजूत किती पोकळ होती हे वेगळं सांगायला नको.

आपल्या गावांतही तेच. कोकणात, देशावर फिरताना जुन्या चावडीत किंवा वेशीपाशी एखादी संगमरवरी पाटी दिसते : या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके प्राणास मुकले. दोन आकडे. एवढ्याशा गावात, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं, तिथेसुद्धा आकडे.

अर्थात दगडावर नाव नाही म्हणजे कागदावर नाही असं नव्हे. कमिशनच्या नोंदवह्यांत भारतीय शिपायांची नावं पुष्कळ प्रमाणात आहेत, आता ती संगणकावर शोधता येतात, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. म्हणून मी धर्मावरून शोधत नाही, गावावरून शोधते. जिल्हा कुलाबा, मग तालुका अलिबाग, पेण, रोहे, मग ज्या गावांत बेने इस्रायल राहत होते ती गावं, आणि मग नावं. काम कंटाळवाणं आहे, इंग्रज कारकुनाने रेवदंड्याचं स्पेलिंग किती प्रकारे करावं याला मर्यादा नाही. पण चालतं.

आणि इथे एक गंमत होते. गंमत कसली, डोकेदुखी. १८१८ च्या समाजीचा पणतू १९१६ मध्ये समाजी राहिलेला नसतो. मधल्या शंभर वर्षांत मिशनच्या शाळा आल्या, मराठी बायबल आलं, इंग्रजी शिक्षण आलं, कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी धर्माची उजळणी करून घेतली, आणि बेने इस्रायलांनी आपली नावं पुन्हा मूळ रूपाकडे नेली. समाजीचा सॅम्युअल झाला, इसाजीचा आयझॅक, आबाजीचा अब्राहम. तुम्हाला वाटेल, सुटलो. नाही! कारण सॅम्युअल, आयझॅक, अब्राहम ही नावं मुंबई इलाख्यातले मराठी ख्रिस्तीही ठेवत होते. म्हणजे आधीच्या शतकात जो शिपाई मराठा किंवा मुसलमान समजला जाण्याची शक्यता होती, तो या शतकात ख्रिस्ती समजला जातो. एकाच घरातले दोन मृत, दोन वेगवेगळ्या चुकीच्या रकान्यांत.

यावरचा माझा उपाय म्हणजे बापाचं आणि आजाचं नाव. ख्रिस्ती घर पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीतलं असेल तर सॅम्युअलचा बाप बहुतेक वेळा गणू किंवा विठू निघतो. बेने इस्रायल घरात सॅम्युअलचा बाप एझिकेल, त्याचा बाप हसाजी, अशी साखळी लागते. ही खूण शंभर टक्के नाही. पण गाव, बापाचं नाव आणि घरातली आठवण या तिन्ही गोष्टी जुळल्या तर मी नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब करते. शाईने अजून एकही केलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतरचं चित्र या सगळ्यापेक्षा सरळ आहे. पुण्यात जन्मलेले बेंजामिन अब्राहम सॅमसन १९६५ च्या युद्धात भारतीय आरमारी ताफ्याचे प्रमुख होते, पुढे व्हाइस ॲडमिरल झाले. आणि दिल्लीत २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तिथे ग्रॅनाइटच्या शिळांवर पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं आहेत, प्रत्येकाचं नाव. तिथे धर्माचा रकाना नाही आणि नसावाच. मला तिथे कुणाला वेगळं काढायचं नाहीये. नाव आहे, पलटण आहे, ज्याला आपलं माणूस शोधायचं तो शोधू शकतो. कोरेगावच्या त्या कारकुनाने आणि बसऱ्याच्या समितीने एवढंच केलं असतं तर माझ्या पीएचडीचं एक प्रकरण कमी झालं असतं, आणि मला ते चाललं असतं.

नवगावबद्दल सांगायचं राहिलं. गलबत फुटल्यावर जी प्रेतं किनाऱ्याला लागली ती तिथेच पुरली, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, असं परंपरा सांगते. दोन उंचवटे होते, आता तिथे स्मारक आहे, शेजारी बेने इस्रायलांचं जुनं कब्रस्तान. त्या बुडालेल्यांतल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नाही, तरी ठाण्या-मुंबईहून माणसं तिथे जातात, इस्रायलहून सुट्टीला आलेली कुटुंबं मुलांना घेऊन जातात. मी हे आजींना बोलून दाखवलं. म्हटलं, नावाशिवायही आठवण राहते की. त्यांना ते फारसं पटलं नाही. "तिथे जागा तरी आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या माणसाची जागाही नाही आणि नावही नाही. तू नाव तेवढं बघ."

ते बघतेय. आणि त्यासाठी तुमचीही मदत हवी आहे. तुमचं घर बेने इस्रायल असो वा नसो, पणजोबा-खापरपणजोबा पलटणीत होते असं ऐकलं असेल तर जुनी ट्रंक एकदा उघडून बघा. मेडल सापडलं तर पुढची राजाची मुंडी राहू द्या, कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. बशीएवढी गोल ब्राँझची चकती सापडली, जिच्यावर सिंह आणि हातात त्रिशूळ घेतलेली बाई आहे, तर ती मेलेल्याच्या वारसाला मिळालेली. तिच्यावर एका चौकटीत फक्त नाव असतं, हुद्दा नाही. ब्रासोने घासू नका, नाव झिजतं. खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरा, फोटो काढा, आणि घरात त्या माणसाला काय म्हणून हाक मारत ते फोटोखाली लिहून मला पाठवा.